नवे सेल

एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सकाळची तालीम संपल्यावर अनयने सईच्या हातात एक कागदी पिशवी दिली. आत मोठे सेल होते, पाकिटबंद, काळ्या-सोनेरी वेष्टनातले.

"अल्कलाइन आहेत," तो म्हणाला. "तिन्ही कंदिलांत हेच घाल. तुझे ते लाल, स्वस्तातले नकोत. फायनलला रिस्क नको यार."

"तिन्ही कंदिलांत?"

"तिन्ही. प्राथमिकला सुशांतचा कंदील एंट्रीलाच दोनदा लुकलुकला. माझा जीव टांगणीला लागला होता. मुद्दाम घाटकोपरला उतरून आणलेत मी."

सईच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. हे सेल घातले तर दिवे विझणार नाहीत. ते बोलायला फार वेळ लागला नसता. तिने पिशवीचं तोंड दुमडलं, ती सॅकमध्ये टाकली आणि म्हणाली, "बरं. नवेच घालते."

"गुणाची आहेस," अनय म्हणाला आणि रुचिराला तिच्या शेवटच्या प्रवेशाबद्दल काहीतरी समजावायला वळला.

एकांकिकेचं नाव 'गेट नंबर तीन'. विक्रोळीतला एक बंद पडलेला कारखाना, वीज कापलेली. गेटवर दोन राखणदार आणि त्यांच्यातल्या एकाची बायको. ती नवऱ्याचा डबा घेऊन येते आणि परत जात नाही. तिघांकडे तीन कंदील. पहिला कंदील विझतो तेव्हा पहिला राखणदार काहीतरी निमित्त काढून निघून जातो. दुसरा विझतो तेव्हा नवरा जातो. उरते ती बाई, आणि गेटच्या कमानीला, हाताला येणार नाही इतक्या उंच टांगलेला तिसरा कंदील. बाई खाली बसते आणि म्हणते, "दिवा गेला की उठेन. तोवर बसते." मग कंदील हळूहळू मरत जातो. काळोख होतो. काळोखात बांगड्यांचा आवाज येतो, म्हणजे ती उठली. पडदा.

लिहिली अनयने, बसवली अनयने. तो अंधेरीत जाहिरात कंपनीत होता. लिहायचा चांगलं, बोलायचा त्याहून चांगलं. संहितेत त्याने मेणबत्त्या घातल्या होत्या. रंगमंचावर उघडी ज्योत चालत नाही म्हटल्यावर त्याने एलईडीचे कंदील आणले. बटण दाबलं की लख्ख, बंद केलं की काळोख, मधे काही नाही. वरचे दिवे बोर्डावरून मंद करून बघितले, तर ते नाटकातले दिवे वाटले.

"दिवा मरताना दिसला पाहिजे रे," अनय वैतागून सगळ्यांना सांगत होता. "आजारी माणसासारखा."

"तसले आहेत माझ्याकडे," सई म्हणाली.

ते कंदील मुलुंडला तिच्या घरी माळ्यावर होते. तिचे बाबा, श्यामकांत, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. तरुणपणी ते ऑफिसातल्या मित्रांबरोबर किल्ले चढायचे, तेव्हा ग्रुपने हे कंदील घेतले होते. बिस्किटाच्या डब्याएवढं चौकोनी प्लास्टिकचं खोकं, वर पकड, पुढे पारदर्शक काचेमागे वीतभर लांबीची ट्यूब, खाली सेलचा कप्पा. पुढे एलईडीच्या विजेऱ्या आल्या, ग्रुप पांगला, बाकीच्यांनी आपापले कंदील भंगारात घातले. श्यामकांतांनी घातले नाहीत. उलट दोघांचे मागून आणले. माळ्यावर ठेवताना त्यांचा एकच नियम असे, सेल बाहेर काढायचे. सेल आत राहिले की पाझरतात आणि कप्प्यातल्या पत्र्या खातात. सईला लहानपणापासून घरात सर्वांत जास्त ऐकू आलेलं वाक्य कुठलं असेल तर "सेल काढलेस ना?"

सईला हे कंदील आवडायचे ते त्यांच्या चालू होण्यासाठी. बटणाचा कट् असा आवाज. आधी ट्यूबची दोन टोकं नारिंगी होत. मग एक-दोनदा चमकून, जरा विचार करून, सगळी ट्यूब पांढरी होई आणि बारीक गुणगुणायला लागे. तो उजेड गोड नव्हता. त्यात माणसांचे चेहरे ओळखपत्रावरच्या फोटोसारखे दिसत. डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरचा घाम, काही लपत नसे. आणि तो रंग दुसऱ्या कशाचाच नसे. शेकोटीचा नाही, चांदण्याचा नाही, गावातल्या बल्बचा नाही.

याच रंगावर बाबांची एक गोष्ट होती. जुन्नरकडच्या एका किल्ल्यावर धुकं उतरलं आणि ग्रुपमधले तिघे खालीच चुकले. श्यामकांत वर गुहेत होते. गुहेच्या तोंडाशी कंदील लावून ठेवायचा तर सेल दमलेले. त्यांनी दोन कंदील आळीपाळीने लावले. एक जळायचा तेव्हा दुसरा बंद. "दमलेल्या सेलला विश्रांती दिली ना, की तो उसनं अवसान आणतो," बाबा सांगायचे. "फार वेळ नाही. पण आणतो." उजाडायच्या आत तिघे वर आले. खाली वाडीतले दिवेही दिसत होते, ते म्हणाले, पण हा पांढरा ठिपका आपलाच, हे लांबूनही कळत होतं.

सईने एकांकिकेचा सगळा उजेड त्या उसन्या अवसानावर उभा केला. लाल, साधे सेल आणायचे. प्रयोगाच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत कंदील लावून ठेवायचे, ट्यूब मलूल होईपर्यंत. मग सेल काढून त्यांना रात्रभर पडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तेच सेल घातले की कंदील पहिल्यासारखे पांढरेशुभ्र लागत, बघणाऱ्याला फसवत, आणि ऐन वेळी मान टाकत. कुठल्या कंदिलाचे सेल किती दमवायचे, हे तिने आठवडेच्या आठवडे बिघडवून, पुन्हा करून बसवलं होतं. तिची आई नीला म्हणायची, "दुपारच्या उन्हात तीन-तीन ट्यूबा कशाला गं? कोणाचं दहावं आहे?"

हे तिने अनयला सांगायला घेतलं होतं, सुरुवातीलाच. तो फोनमध्ये बघत होता. "ते टेक्निकल तू बघ गं," तो म्हणाला. "मला फक्त रिझल्ट दे." त्यामुळे त्याची समजूत अशी झाली की जुने कंदील आहेत, अर्ध्या तासात आपोआप विझतात.

प्राथमिक फेरी अंधेरीला झाली. रुचिरा शेवटचं वाक्य बोलून बसली. वरचा कंदील पांढऱ्याचा राखाडी झाला, राखाडीचा गुलाबीसर, मग नुसती दोन टोकं निखाऱ्यासारखी उरली, मग तीही गेली. बांगड्या वाजल्या. प्रेक्षागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. टाळ्या उशिरा आल्या आणि थांबेनात.

संध्याकाळी निकाल. प्रकाशयोजना, प्रथम, 'गेट नंबर तीन', अनय.

सई उठायला लागली होती. तिने खुर्चीचा हात धरला आणि पुन्हा खाली बसली. शेजारी बाबा होते, ते टाळ्या वाजवत होते. अनय मंचावर गेला, आणि त्याला माइक दिला गेला तेव्हा तो म्हणाला, "हे कंदील माझ्या घरातले आहेत. माझे बाबा किल्ले चढायचे. एकदा धुक्यात त्यांचे तीन मित्र चुकले..."

सगळी गोष्ट सांगितली त्याने. गुहेचं तोंड, आळीपाळीने लावलेले कंदील, पांढरा ठिपका. सईने त्याला तालमीत सांगितली होती, त्यापेक्षा चांगली सांगितली. उसन्या अवसानाचा भाग तेवढा गाळला, कारण त्याला तो आठवत नसावा किंवा महत्त्वाचा वाटला नसावा. शेवटी त्याचा आवाज भरून आला. अनयचे वडील बोरिवलीला राहायचे, त्यांना दम्याचा त्रास होता आणि ते जिनासुद्धा टाळायचे.

श्यामकांतांनी टाळ्या थांबवल्या. मग इतर लोक वाजवत होते म्हणून पुन्हा सुरू केल्या.

"छान बोलतो मुलगा," बाहेर आल्यावर ते म्हणाले. एवढंच.

सईने अनयला नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर गाठलं.

"प्रकाशयोजना तुझी?"

"अगं, फॉर्मवर एकच नाव मावतं. सगळीकडे दिग्दर्शकाचंच टाकतात. तुझं आहे ना, रंगमंच व्यवस्थेत, बघ."

"आणि ती गोष्ट?"

"कुठली?"

"माझ्या बाबांची."

"अच्छा, ती!" तो हसला. "स्टेजवर 'माझ्या मैत्रिणीचे बाबा' असं म्हणत बसलो असतो तर सगळी हवा गेली असती. बाबा म्हटलं की लोकांना लगेच लागतं. काका चिडले का? मी बोलू त्यांच्याशी?"

"नको."

"टीम आहे गं आपली. बक्षीस टीमचंच. नेहमीसारखं तोंड नको पाडूस."

त्या आठवड्यात एका व्यावसायिक निर्मात्याने, राजेश त्याचं नाव, अनयला फोन केला. नव्या नाटकाला प्रकाशयोजनाकार हवा होता. अंधेरीचा प्रयोग त्याने पाहिला होता. फायनल पुन्हा बघतो आणि नक्की करतो, असं तो म्हणाला. ही बातमी अनयने स्वतःच ग्रुपवर टाकली, खाली तीन नाचणारी चित्रं. सईने तिच्यावर अंगठा ठेवला. त्यानंतर ती एकही तालीम चुकली नाही. वेळेआधी यायची, कंदील पुसायची, हुक तपासायची. अनयला वाटलं, प्रकरण मिटलं. तिला नक्की काय करायचं आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्याने ती कागदी पिशवी दिली आणि मग ठाऊक झालं.

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी ती हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून कंदिलांत नवे सेल घालत बसली. श्यामकांतांनी एक सेल उचलला, चष्मा वर करून त्यावरचं वाचलं.

"हे कोणी आणले?"

"अनयने."

"याच्यावर दिवा जाणार नाही."

"माहितेय."

"उद्यासुद्धा जाणार नाही." त्यांनी सेल हातात वरखाली करून वजन पाहिलं. "त्याला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही."

श्यामकांतांनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी तो सेल तिच्या हातात दिला. "पत्री जरा पुसून घे," ते म्हणाले. "चांगला टेकला पाहिजे." आणि अंघोळीला गेले.

फायनल मुलुंडलाच होती, दुपारच्या सत्रात. रंगपटात रुचिरा आरशासमोर बसून बांगड्या चढवत होती. ती विक्रोळीची. तिचे आजोबा काशीराम कोकणातून येऊन गिरणीत लागले होते, गिरणी बंद झाल्यावर एका कारखान्याच्या गेटवर राखणदार राहिले. ती बाई कशी बसेल, उठताना हात कुठे टेकेल, हे रुचिराने आजीकडून घेतलं होतं. आजी रत्नप्रभा आज पहिल्यांदा नातीचं नाटक बघायला आली होती आणि दुसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"सई, माझा कंदील आज शेवटी किती वेळ घेईल गं?" रुचिराने विचारलं. "म्हणजे श्वास तसा धरते."

सई तिच्या मागे उभी होती. आरशात दोघींची नजर मिळाली.

"अनयने नवे सेल आणलेत," सई म्हणाली.

"मग बरं. झकास जळेल." रुचिराने कुंकू टेकवलं. "आजीला लांबून दिसत नाही नीट."

सई तिथून बाहेर आली. अजून सांगता आलं असतं. तिच्या सॅकमध्ये, बाजूच्या खणात, आदल्या दुपारी दमवलेले लाल सेल होते, तिन्ही कंदिलांना पुरतील इतके. ते तिने का दमवले, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. ती विंगेत जाऊन उभी राहिली. पलीकडे अनय नव्या कुर्त्यात, हात चोळत. तिसऱ्या रांगेत राजेश येऊन बसल्याचं त्याने सगळ्यांना खुणेने सांगितलं. तिसरी घंटा झाली.

पहिली काही मिनिटं काहीच बिघडलं नाही. उलट उजेड कधी नव्हे इतका चांगला होता. तिन्ही कंदील एका चमकेत लागले. गंजलेलं गेट, पत्र्याची खुर्ची, सुशांतच्या गणवेशाची सुटलेली बटणं, सगळं कोरून काढल्यासारखं दिसत होतं. अनयने सईकडे बघून अंगठा वर केला.

मग पहिल्या राखणदाराचा, म्हणजे सुशांतचा, कंदील विझायची वेळ आली. सुशांतने कंदिलाकडे बघितलं. कंदील पांढराशुभ्र. त्याने एक वाक्य वाढवलं, मग आणखी एक. मग दुसरा उपाय न राहून तो मूळ वाक्यावर आला. "गेला. सेलही गेले आणि पगारही."

त्याच्या तोंडावर भगभगीत उजेड होता. प्रेक्षागृहात कोणीतरी फुसकन हसलं. सुशांत चांगला नट होता. त्याने कंदील पोटाशी धरला आणि अंगठ्याने बटण दाबलं. त्या शांततेत तो कट् शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आता जास्त लोक हसले.

"काय झालं?" अनय कुजबुजला. "सई, काय झालं त्याला?"

"काही नाही. चांगला चाललाय."

दुसरा कंदील नंदूचा, नवऱ्याची भूमिका करणाऱ्याचा. नंदूने सुशांतचं बघितलं होतं, पण तो घाबरला आणि बटण दाबायचंच विसरला. "आता अंधारात बसून काय करू?" असं म्हणून तो पेटता कंदील हातात घेऊन विंगेत आला. त्याच्या कंदिलाचा लांबच लांब पांढरा पट्टा विंगेतून रंगमंचावर पडला आणि त्यात अनयची सावली उभी राहिली, कुर्ता, हातवारे आणि सगळं. लोक मोकळेपणी हसायला लागले.

बोर्डावरच्या माणसाने उरलेला निळा उजेडही काढून घेतला, कारण संहितेत तसं होतं. आता रंगमंचावर फक्त रुचिरा आणि तिच्या डोक्यावर, कमानीला, तिसरा कंदील.

"दिवा गेला की उठेन," रुचिरा म्हणाली. "तोवर बसते."

ती बसली.

कंदील गुणगुणत होता. इतकी शांतता झाली की ते गुणगुणणं ऐकू यायला लागलं. रुचिराचा चेहरा त्या उजेडात अगदी उघडा होता. ती हलली नाही. हसणारे गप्प झाले. क्षणभर सईला वाटलं, ही वाचवते नाटक. बसून बसून वाचवते.

"बंद कर तो," अनय तिच्या कानाशी म्हणाला. "सई, बंद कर ना."

"कसा?"

"इथून! कुठूनही!"

"त्याला वायर नाही अनय."

वेळ संपत आल्याची घंटा झाली. वेळ ओलांडली की गुण कापले जातात, हे प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, कारण निम्मे लोक इतर संघांतले होते. बाल्कनीतून एक आवाज आला.

"ताई, उठा आता! त्याला बिल येत नाही!"

सगळं प्रेक्षागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या. रुचिराने मान वर करून कंदिलाकडे पाहिलं. मग तिने मान वळवली आणि विंगेत पाहिलं, अनयकडे नाही, सईकडे. तिला कळलं होतं. बांगड्यांचा हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, चुकून वाजू नये म्हणून.

अनयने पडद्याच्या माणसाला ढकललंच. पडदा आला. त्याच्या खालच्या फटीतून पांढरा उजेड पहिल्या रांगेच्या पायांवर पडत राहिला.

राजेश स्वतःहून मागे आला. पन्नाशीचा, शांत, हातात गाडीची किल्ली. नंदू आणि सुशांत तिथेच उभे होते. कोणीतरी शिडी आणून तिसरा कंदील उतरवला होता, तो अजून चालू होता, आणि त्याच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे ओळखपत्रांसारखे दिसत होते.

"अंधेरीला हे दिवे मरत होते," राजेश अनयला म्हणाला. "आज का नाही मेले?"

"सर, सेल... नवीन घातले आज. म्हणजे रिस्क नको म्हणून."

"कोणी सांगितलं नवीन घालायला?"

"मीच."

"नवीन सेलवर दिवा विझत नाही, हे कळायला प्रकाशयोजनाकार असावं लागत नाही. अंधेरीला कसं केलं होतंत?"

अनय बोलायला लागला, थांबला. जाहिरातीत काम करणारा माणूस, त्याला वाक्य सापडेना. त्याने आजूबाजूला पाहिलं.

"सई," तो म्हणाला, "सांग ना त्यांना. काय करायचीस तू?"

प्राथमिक फेरीपासून सई या प्रश्नाची वाट पाहत होती. तो याच शब्दांत येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं, इतका सोपा, इतक्या लोकांसमोर. तिने हातातलं फडकं घडी घालून कंदिलावर ठेवलं.

"मी कशी सांगणार?" ती म्हणाली. "मी रंगमंच व्यवस्था. प्रकाशयोजना तुझी आहे. गोष्टसुद्धा तुझ्याच बाबांची आहे. त्यांना विचार."

सुशांतने खाली बघितलं. नंदूच्या तोंडून "आयला" निघालं. अनयचं तोंड आधी लाल झालं आणि मग त्या उजेडात कुठल्याच रंगाचं राहिलं नाही. सईने ते नीट पाहून घेतलं. घाई केली नाही.

राजेशने एकदा अनयकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे हे तुमचं काम होतं," तो सईला म्हणाला.

"हो."

"आणि आज काय होणार ते तुम्हाला माहीत होतं. पडदा उघडायच्या आधी."

"हो."

"हं." त्याने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हुशार आहात. पण चालू प्रयोग मरू देणारा माणूस मी विंगेत उभा करू शकत नाही. राग मानू नका."

"नाही मानत," सई म्हणाली. आणि खरंच तिला राग आला नाही. ती जागा तिला हवी होती की अनयला मिळू नये एवढंच हवं होतं, याचा हिशेब तिने आधीच करून ठेवला होता.

राजेश गेला. अनय त्याच्या मागे दोन पावलं गेला आणि मग नुसताच उभा राहिला.

रुचिरा नाट्यगृहाबाहेर चहाच्या टपरीजवळ होती. मेकअप तसाच, अंगावर नाटकातलीच साडी. आजी बाकावर बसली होती.

"गो बाय," आजीने सईला बघून विचारलं, "तो दिवो विझाचो होतो मां?"

"हो आजी."

"आणि इतको चांगलो पेटलेलो! लोक हसाक कित्याक लागले, माका काय कळाक नाय."

"आजी, तू चहा पी," रुचिरा म्हणाली आणि सईला बाजूला घेऊन गेली. तिने आवाज चढवला नाही.

"आरशात मी तुला विचारलं होतं."

"मी सांगितलं. नवे सेल आहेत म्हणून."

"हे बघ, वकिली नको करूस माझ्याशी." तिने कपाळावरचं कुंकू मनगटाने पुसलं, ते भुवईपर्यंत ओघळलं. "तुला अनयला गाडायचं होतं ना? गाड. तो त्याच लायकीचा आहे, मीच फावडं आणून दिलं असतं. पण त्या खड्ड्यात मी बसले होते गं. तुझ्या दिव्याखाली. उठू नको असं तूच सांगितलं होतंस ना, दिवा जाईपर्यंत उठू नको?"

सईने बाकावरच्या आजीकडे पाहिलं.

"माझी आजी दुसऱ्या रांगेत होती," रुचिरा म्हणाली. "ती बाई म्हणजे ती आहे. लोक तिला हसले." तिने आजीची पिशवी उचलली, आजीला हात दिला आणि रिक्षा थांबवली.

दुसरा दिवस रविवार. निकाल लागले, त्यात 'गेट नंबर तीन' कुठेच नव्हतं. ग्रुपवर सकाळपासून कोणी काही लिहिलं नाही. मग अनयने ग्रुप सोडला. सईने ते वाचलं आणि तिला बरं वाटलं, अगदी स्वच्छ बरं, पोट भरल्यासारखं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं, कमी झालं नाही. अनयबद्दल तिला त्या दिवशी किंवा नंतर कधी वाईट वाटलं नाही.

दोन कंदिलांतले सेल तिने काढले, पुन्हा पाकिटात भरले, वर चिठ्ठी लावली : 'जवळजवळ नवेच आहेत. घड्याळाला वापर.' पाकीट अनयच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायला बाजूला ठेवलं. दोन्ही कंदील माळ्यावर गेले.

तिसरा, रुचिराचा, तिने सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लावला होता. दोनदा फोन करून झाला होता. रुचिराने उचलला नव्हता. तिसऱ्यांदा करायचा, नीट माफी मागायची, विक्रोळीला जाऊन आजीसमोरसुद्धा मागायची, हे सईने ठरवलं होतं. फक्त लगेच नको. हा दिवा गेला की.

"किती वेळ ते?" नीलाने पोळ्या लाटता लाटता विचारलं. "बंद कर ना. उजेड आहे बाहेर."

"राहू दे. जाईल आपोआप."

श्यामकांत पाणी प्यायला आले. त्यांनी ट्यूबच्या टोकांकडे वाकून पाहिलं. टोकं स्वच्छ होती, काळी पडली नव्हती, नारिंगी तर नव्हतीच.

"हा आज जायचा नाही," ते म्हणाले.

सई ओट्याशी स्टुलावर बसली होती, फोन मांडीवर.

"बसते तोवर," ती म्हणाली.

श्यामकांतांनी ग्लास विसळला, उपडा घातला, आणि दिव्याला हात न लावता बाहेर गेले.